पाण्याच्या वाटेने वाळवंटात : एका व्हीआर भेटीच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, ऐरोली

आमच्या व्हीआर भेटीचा, म्हणजे हेडसेट डोळ्यांवर लावून तिथेच उभं असल्यासारखं पाहायच्या भेटीचा, क्रम आज पक्का केला. कच्छमधलं हडप्पा काळातलं धोलावीरा, जॉर्डनमधलं पेट्रा, सीरियातलं पामीरा आणि शेवटी राजस्थानातलं जैसलमेर. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं, निवेदन मराठीत. हेडसेट नेणार आहोत ते कोपरखैरण्यातल्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात आणि ऐरोली-घणसोलीतल्या मराठी माध्यमाच्या शाळांत. यांतल्या बहुतेकांचं जॉर्डनला किंवा सीरियाला जाणं होणार नाही. सीरियात जे होतं त्यातलं बरंचसं तर आता गेलं तरी दिसायचं नाही.

क्रमापेक्षा मोठा निर्णय वेगळाच आहे. प्रत्येक ठिकाणी भेट सुरू होईल ती पाण्यापासून. नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, त्यामुळे इथल्या कितीतरी मुलांनी पेट्राच्या त्या खांबांच्या दर्शनी भागापुढे उभं राहून फोटो काढलेले आहेत. हेडसेटमध्ये त्याचीच आणखी मोठी प्रतिकृती दाखवण्यात मला रस नाही. तो दर्शनी भाग बहुधा एका राजाच्या थडग्याचा. जिवंत माणसं काय पीत होती, उंटांचे तांडे आले की त्यांना पाणी कुठे पाजत होते, वर्षातून चार सरी पडणाऱ्या मुलुखात हजारो लोकांचं गाव शतकानुशतकं कसं नांदलं, हे त्यातून कळत नाही. आणि हे कळल्याशिवाय बाकीचं सगळं नुसतं नक्षीकाम राहतं.

टीममध्ये यावर बराच वाद झाला. कोड सांभाळणाऱ्या मित्राचं म्हणणं, लोक हेडसेट लावतात ते थक्क व्हायला, त्यांना थेट खांबांपुढेच उभं करावं. मला वाटतं, आधी तहान समजली तर थक्क होणंही खोलवर जाईल. तसंच करून बघायचं ठरलं.

१७ जून

पाणी दाखवायचं ठरवलं खरं, पण या हेडसेटमध्ये सगळ्यात महाग पडतं ते पाणीच. आमचे हेडसेट क्वेस्ट ३ आहेत. केबल नाही, संगणक जोडलेला नाही, सगळं चित्र आतल्याच चिपवर तयार होतं. सेकंदाला ७२ चित्रं, तीही दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळी. म्हणजे एका चित्राला जेमतेम १३.९ मिलिसेकंद. तेवढ्यात चित्र झालं नाही तर मान वळवल्यावर जग मागे रेंगाळतं आणि पोटात ढवळायला लागतं.

दगड सोपा असतो, कारण त्याच्या मागचं काही काढावं लागत नाही. पारदर्शक पाण्याचं तसं नाही. आधी तळ काढा, मग त्यावर पाणी काढा, म्हणजे एकच ठिपका पुन्हा पुन्हा रंगवा. त्यात खरं प्रतिबिंब हवं असेल तर सगळा देखावा उलट्या बाजूने आणखी एकदा काढावा लागतो. ते परवडणारं नाही. म्हणून आभाळाचं आणि भिंतींचं प्रतिबिंब आधीच काढून ठेवायचं, वर बारीक तरंग फिरवायचे आणि पाणी जवळजवळ अपारदर्शक ठेवायचं. धोलावीराच्या हौदांत पुराचं पाणी वळवून आणलेलं असायचं. पावसाळ्यात ते गढूळच असणार. त्यामुळे इथे मशीनची सोय आणि खरेपणा एकाच बाजूला पडले.

२५ जून

धोलावीराच्या पूर्वेकडच्या मोठ्या हौदाचं मॉडेल आज पहिल्यांदा पूर्ण उभं राहिलं. जानेवारीत आम्ही तिथे साध्या हातातल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंवरून हे केलंय. ट्रायपॉड नाही, ड्रोन नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जागेवर त्यांना वेगळी परवानगी लागते. फोटोग्रामेट्रीचं तत्त्व साधं आहे. एकच दगड वेगवेगळ्या जागांवरून टिपायचा, लागोपाठच्या दोन फोटोंत निम्म्याहून बराच जास्त भाग सामाईक ठेवायचा, आणि सॉफ्टवेअर त्यावरून कॅमेरा कुठे होता नि दगड कुठे आहे हे दोन्ही काढतं. कच्छच्या उन्हात खरी अडचण सावलीची असते. दुपारी काढलेल्या फोटोत सावलीची कड दगडाच्या कडेइतकीच ठळक येते आणि ती मॉडेलवर कायमची रंगून बसते. म्हणून सगळं काम सूर्य वर यायच्या आत उरकलं होतं.

फोटोंवरून आकार मिळतो, माप मिळत नाही. माप उत्खननाच्या प्रसिद्ध आकड्यांवरून बसवलं. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, १० मीटर खोल. मोहेंजोदडोचं प्रसिद्ध महास्नानगृह १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे, यावरून या हौदाचा अंदाज यावा.

निवेदनासाठी जे घ्यायचं ते इथे लिहून ठेवते. खदिर बेट, चहूबाजूंनी रणाचं मीठ. बारमाही नदी नाही. दोनच ओढे, दक्षिणेला मनहर आणि उत्तरेला मानसर, तेही पावसाळ्यापुरते. त्यांच्यावर दगडी बंधारे घालून पाणी वळवलं, शहराच्या उताराचा फायदा घेत एकातून दुसऱ्यात असं हौदांमध्ये खेळवलं. दक्षिणेकडचे काही हौद तर सरळ खडकात खोदलेत. बालेकिल्ल्यातल्या पावसाच्या पाण्यासाठी दगडी गटारांचं वेगळं जाळं. जगत्पती जोशींनी १९६० च्या दशकात ही जागा उजेडात आणली, आर. एस. बिश्त यांच्या देखरेखीखाली १९९० पासून मोठं उत्खनन झालं आणि २०२१ मध्ये ती जागतिक वारशात गेली. उत्तर दरवाजाजवळ सापडलेली सिंधू लिपीतल्या दहा चिन्हांची पाटी सगळे दाखवतात, आपणही दाखवू, पण हौद पाहून वर चढल्यानंतर.

५ जुलै

आवाजाचं काम. पेट्राच्या घळीत खडकात कोरलेल्या पाटातून पाणी वाहत होतं, त्याचा आवाज हवा. इंटरनेटवर ओढ्यांचे, धबधब्यांचे आवाज ढिगाने मिळतात, पण ते मोकळ्या रानातले असतात. दगडाच्या अरुंद पाटातून हातभर रुंदीचं पाणी जातं तेव्हा आवाज वेगळा येतो, आजूबाजूच्या भिंती तो परत फेकतात.

असं पाणी आपल्या अगदी जवळ आहे. कान्हेरी. ठाण्याच्या येऊरच्या डोंगराला लागून असलेलं तेच जंगल, पलीकडच्या अंगाला लेणी. शंभराहून जास्त लेणी, आणि जवळपास प्रत्येकीच्या अंगणात पाण्याचं टाकं, त्यात पावसाचं पाणी नेणारे खडकात कोरलेले पाट. टाकं खोदवून दान दिल्याचे शिलालेख तिथे आहेत. पेट्राचे नबातियन लोक वालुकाश्मात पाट कोरत होते त्याच शतकांच्या आसपास इथे काळ्या कातळात हे काम सुरू झालं होतं. इथले पावसात भिजणारे, तिथले पावसाला तरसणारे, पण हातोडी-छिन्नी घेऊन पाण्याला वाट करून देण्याची बुद्धी तीच. रेकॉर्डर पाटाच्या कडेला ठेवून मी बराच वेळ नुसती ऐकत बसले.

पेट्राच्या भागात हाच आवाज वापरणार. भेटीच्या शेवटी तसं स्पष्ट सांगायचं: हा आवाज कान्हेरीचा आहे.

१० जुलै

पेट्रा. घळीची, म्हणजे सीकची, लांबी सुमारे १.२ किलोमीटर. पूर्ण चालवणं शक्य नाही. थांबण्याच्या निवडक जागा ठेवल्या आहेत, तिथून तिथे उडी मारून जायचं. हेडसेटमध्ये सरकत चालण्यापेक्षा हे बरं. डोळे सांगतात चाललोय, कान आणि पाय सांगतात बसलोय, आणि या भांडणातच मळमळ सुरू होते. उडीत डोळ्यांना हालचाल दिसतच नाही.

पहिला थांबा घळीच्या तोंडाशी, बंधाऱ्यावर. इथे बहुतेक पर्यटक थांबत नाहीत. वादी मूसा या ओढ्याला पूर आला की तो थेट घळीत घुसायचा. नबातियनांनी तोंडाशी बांध घातला आणि खडकातून बोगदा काढून पूर बाजूला वळवला. पुढे शतकं लोटली, बांध निकामी झाला. १९६३ च्या एप्रिलमध्ये अचानक आलेल्या पुरात घळीतून चाललेले वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक वाहून गेले. त्यानंतर बांध पुन्हा घातला गेला, आणि त्याची जागा तीच, दोन हजार वर्षांपूर्वी निवडलेली. निवेदनात या वाक्यानंतर आठ-दहा सेकंद काहीच बोलायचं नाही असं ठरवलंय.

दुसरा थांबा पाटाशी. एका भिंतीला खडकात कोरलेला पाट, समोरच्या भिंतीला मातीच्या नळांची ओळ. नळ एकमेकांत बसवलेले, सांधे चुन्याने बंद केलेले, उतार इतका बेताचा की पाणी थांबतही नाही आणि उसळतही नाही. इथे हात पुढे केला की हातातला कंट्रोलर हलकेच थरथरतो.

आणि मग शेवटच्या वळणावर तो चाळीसेक मीटर उंचीचा दर्शनी भाग, घळीच्या फटीतून. त्याच्या माथ्यावरच्या दगडी कलशात सोनं असेल म्हणून लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या होत्या, त्यांचे वण अजून आहेत. खरा खजिना आपण मागे घळीच्या भिंतीवर पाहून आलो असतो. हे वाक्य निवेदनात घालायचं नाही. पाहणाऱ्याला स्वतःला सुचलं तर सुचू दे.

२१ जुलै

पामीरा. हा भाग करताना हात जड झाला.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये आयसिसने आधी बालशमीनचं आणि मग बेलचं देऊळ सुरुंग लावून उडवलं. ऑक्टोबरात खांबांच्या रस्त्यावरची मोठी कमान पाडली. बेलचं देऊळ इ. स. ३२ मधलं. गाभाऱ्याच्या प्रवेशद्वाराची चौकट तेवढी उभी राहिली. त्याच ऑगस्टात खालेद अल-असाद यांना मारलं. चार दशकं त्यांनी पामीराचं पुरातत्त्व खातं सांभाळलं होतं. मौल्यवान वस्तू कुठे लपवल्यात हे त्यांनी सांगितलं नाही. वय ऐंशीच्या पुढे.

आम्ही जी मॉडेल्स वापरतोय ती 'न्यू पामीरा' या प्रकल्पाची आहेत. बासेल खर्ताबिल हा दमास्कसचा सॉफ्टवेअर करणारा तरुण. मुक्त ज्ञानाच्या चळवळीत त्याचं मोठं काम. २००५ मध्ये, कुणी काही उडवण्याच्या कितीतरी आधी, त्याने पामीरा संगणकावर उभं करायला घेतलं. मार्च २०१२ मध्ये सीरियाच्या सरकारने त्याला पकडलं आणि २०१५ मध्ये तुरुंगात देहदंड दिला. ही बातमी घरच्यांना कळली ती २०१७ मध्ये. त्याच्या मित्रांनी काम पुढे नेलं आणि मॉडेल्स कुठल्याही हक्काविना जगासाठी खुली केली. कुणीही घ्यावं, काहीही करावं, परवानगी मागायची गरज नाही. म्हणून आज ऐरोलीतल्या एका खोलीत बसून आम्ही ते उघडू शकतो. त्याचं नाव भेटीत ठळक येईल, पामीरा दिसायच्या आधी, आणि मराठी निवेदनात उच्चारलं जाईल.

पाण्याची गोष्ट इथे दोन ठिकाणी आहे. पहिलं म्हणजे एफ्काचा झरा, गंधकाच्या वासाचा, कोमट. भूमध्य समुद्र आणि युफ्रातिस नदी यांच्यामधल्या वाळवंटात हा ओलावा होता म्हणून तांडे इथे थांबले आणि तांडे थांबले म्हणून शहर झालं. दुसरं म्हणजे जकातीचा शिलालेख. इ. स. १३७ मधला, ग्रीक आणि पामीराची अरामी अशा दोन भाषांत, आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात. उंटावरचं ओझं केवढं, तेल कशात भरलंय, यांवर किती कर घ्यायचा याची लांबलचक यादी आहे. तीत शहरातल्या दोन झऱ्यांच्या वापराचा दरही आहे: ८०० दिनारी. पाणीपट्टी! राणी झेनोबियाच्या गोष्टी सगळे सांगतात, पण नवी मुंबईतल्या माणसाला पामीरा जवळचं वाटायला ही एक ओळ पुरेशी आहे. शिलालेखाचा दगड आम्ही बाजारचौकाशी उभा करतोय. त्यावर बोट ठेवलं की त्या दराच्या ओळीचं मराठी ऐकू येईल.

२ ऑगस्ट, कोपरखैरणे

विरंगुळा केंद्रात पहिली चाचणी. फक्त धोलावीरा.

आधी कामाच्या गोष्टी. खुर्च्या चाकांच्या नकोत, हात टेकायला हवेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना, जाड चष्मेवाल्यांना काही अडचण आली नाही, चष्म्यासाठी आत जागा वाढवली की पुरतं. हेडसेटचं वजन अर्धा किलोच्या वर आहे, पाच मिनिटांनी माना अवघडतात. मागे उभं राहून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला तर ज्येष्ठ निर्धास्त होतात. हे प्रत्येक वेळी करायचं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी हेडसेट काढता काढता पहिलाच प्रश्न टाकला, "सांडवा कुठाय? हौद भरल्यावर जादा पाणी कुठे जायचं?" त्यांना एकमेकांना जोडलेले हौद नकाशावर दाखवले. मग ते बाकीच्यांना समजावून सांगायला लागले, आणि आमच्या निवेदनापेक्षा चांगलं समजावलं. त्यांची वाक्यं लिहून घेतली आहेत, त्यांच्या परवानगीने निवेदनात घेणार.

मग माण तालुक्यातल्या एक आजी. यजमान वाशीच्या मार्केटात माथाडी होते, तेव्हापासून इथेच. आम्ही त्यांना हौदाच्या वरच्या पायरीवर बसवलं होतं. त्यांनी मान खाली घालून बराच वेळ पायऱ्यांकडे पाहिलं. पाऊल पुढे करून खालची पायरी चाचपायला लागल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"पाणी कुठवर यायचं गं पोरी?" त्यांनी विचारलं.

आमच्या मॉडेलमध्ये पाणी होतं, छान, अर्ध्यापर्यंत. आजींना अर्धं की पूर्ण हे विचारायचं नव्हतं. "आमच्या बारवेला दगडावर वण असतो," त्या म्हणाल्या. "श्रावणात कुठवर, दिवाळीला कुठवर, जेठात कुठवर. पायऱ्या मोजायच्या आम्ही. एवढ्या उघड्या पडल्या म्हंजे एवढं दिस पुरंल. बाहत्तरला तळ दिसला व्हता." हेडसेट डोळ्यांवर तसाच होता. रणातल्या त्या हौदाकडे बघत त्या माणच्या बारवेबद्दल बोलत होत्या, आणि आजूबाजूचे सगळे गप्प ऐकत होते.

४ ऑगस्ट

पाणी कुठवर दाखवायचं? दोन दिवस याच्याशिवाय दुसरं बोलणं नाही.

धोलावीराच्या हौदात अमुक महिन्यात पाणी अमुक पायरीपर्यंत होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिथली लिपी आपल्याला वाचता येत नाही, आणि आली तरी तीत हे असेलच असं नाही. म्हणजे पाण्याची कुठलीही पातळी हा आमचा अंदाज. हेडसेटची ताकद आणि धोका एकच आहे, त्यात दिसणारं सगळं सारखंच खरं वाटतं. साडेचार हजार वर्षांचा घडीव दगड आणि आम्ही काल दुपारी ओतलेलं पाणी, पाहणाऱ्याच्या डोळ्याला फरक नाही. संगणकावर उभारलेल्या वारशासाठी लंडन चार्टर म्हणून जी तत्त्वं आहेत त्यांचा आग्रह हाच आहे की पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

थ्रीडी करणारी मैत्रीण म्हणाली, मग पाणी काढूनच टाकू, आज जसा कोरडा हौद आहे तसा दाखवू, त्यात खोटं काही नाही. मला ते पटेना. कोरडा हौद हाही एक दावाच आहे. ज्याच्यासाठी तो खोदला तेच त्यातून काढून घ्यायचं आणि त्याला खरं म्हणायचं? पाण्याशिवाय तो नुसता एक मोठा खड्डा आहे. तिथे गेलेले कितीतरी लोक तो तसाच पाहून परत येतात.

तोडगा आजींच्या बोलण्यातच होता. पातळी एक ठेवायची नाही. पाहणारा महिना निवडेल आणि पाणी त्याप्रमाणे चढेल-उतरेल. श्रावणात वरच्या पायऱ्या बुडालेल्या, दिवाळीत काही उघड्या, चैत्रात बऱ्याच, आणि ज्येष्ठात तळाशी गाळ. आणि एक अवर्षणाचं वर्ष, ज्यात श्रावणातही पाणी वर येत नाही. पुढचा प्रश्न पाहणाऱ्याने स्वतःला विचारायचा: एवढ्यात पुढचा पावसाळा गाठायचाय, कसं वाटाल?

उतरण्याचा वेगही हवेत सोडलेला नाही. कच्छमध्ये पावसाच्या कितीतरी पट पाणी उन्हाने उडून जातं. वर्षाला दोन मीटरच्या आसपास धरलं आणि माणसांचा वापर त्यात मिळवला. म्हणूनच खोली दहा मीटर असणं किती शहाणपणाचं होतं हेही दिसतं, उथळ तळं उन्हाळ्याआधीच संपलं असतं. पाण्याच्या कडेला एक बारीक तुटक पांढरी रेघ कायम दिसेल. सुरुवातीलाच सांगायचं: तुटक रेघेच्या आतलं आमचा अंदाज, बाहेरचा दगड खरा. हीच खूण चारही ठिकाणी वापरायची. पामीरात बेलच्या देवळाची उडवलेली भिंतही तुटक रेघेच्या आत येईल.

कोडवाल्या मित्राने रात्री बारापर्यंत बसून पायऱ्यांबरोबर सरकणारी पातळी करून दाखवली. क्रमाबद्दलचा वाद त्याने पुन्हा काढलेला नाही.

१९ ऑगस्ट

पावसामुळे शाळांना सुट्टी, गाड्या विस्कळीत, सगळे घरून कामावर. जैसलमेरचं निवेदन लिहून संपवलं.

हा भाग शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. बाकी तीन ठिकाणी पाणी नसणं हे संकट. जैसलमेरच्या किल्ल्याला धोका आहे तो पाणी आल्यामुळे. ११५६ मध्ये रावळ जैसलने वसवलेला हा सोनेरी दगडाचा किल्ला, आजही आत हजारो माणसं राहतात. शतकानुशतकं पाणी खालून, गडीसर तलावातून, डोक्यावर वाहून वर यायचं. जे एवढ्या कष्टाने येतं ते कुणी सांडत नाही. मग नळ आले, हॉटेलं आली, वापर कितीतरी वाढला आणि सांडपाणी जुन्या गटारांतून खाली झिरपायला लागलं. खाली मातीचे मऊ थर आहेत. ते भिजले की वरचा बुरूज बसतो, भिंती पोट काढतात. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने १९९६ मध्येच धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव घातलं होतं. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशात गेला, धोका गेला नाही.

इथे दोष द्यायचा नाही. आत राहणाऱ्या बाईला घरात नळ हवा, यात चूक काय? निवेदनात तिची बाजू आधी येते. तिने पाण्यासाठी रोज गड उतरावा असं मला वाटत नाही, गटारं नीट व्हावीत असं वाटतं. हा भाग ऐकून आईने फोनवर एवढंच विचारलं, "मग दुरुस्ती करतायत ना?" काही काम झालं आहे, पुष्कळ बाकी आहे. दोन्ही सांगायचं.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे असे सगळ्यांचे वेगवेगळे, त्यामुळे काम आठवडाभर बंद. सगळ्या फायली दोन जागी जपून ठेवल्या.

९ सप्टेंबर, घणसोली

शाळेत चाचणी, सातवीचा वर्ग. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे १० वर्षांखालच्या मुलांना हेडसेट द्यायचा नाही, त्यामुळे चौथीच्या मुलांना पडद्यावर दाखवलं.

महिना निवडायची चकती मुलांनी आल्या आल्या अवर्षणावर नेली. सगळ्यांनी. मग पाणी वाटायला बसली. एकीने गुरं आधी म्हटलं, दुसऱ्याने "आधी माणसं रे" म्हणून तिला थांबवलं, तिसऱ्याला वाटलं किल्ल्यातले लोक सगळं स्वतःकडे ठेवतील. बाईंनी फळ्यावर दोन गट पाडले आणि इतिहासाचा तास पुढच्या तासात गेला. नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण भरल्याच्या बातम्या मुलांना माहीत आहेत. एका मुलाने विचारलं, "मोरबे नाही भरलं तर आपल्या किती पायऱ्या उरतात?" असा आकडा दाखवणारी छोटी जोडणी करता येईल. यादीत टाकलं.

पेट्राच्या घळीत दोन मुलं घाबरली. भिंती अंगावर येतात म्हणाली. तिथे 'वर आभाळ बघ' असं निवेदनात घातलं आणि बाहेर पडायचं बटण मोठं केलं. मळमळ कुणालाच झाली नाही.

एका मुलीने बासेलबद्दल विचारलं. त्याला का पकडलं? उत्तर देताना बाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी सांगितलं की त्याला वाटायचं, माहिती सगळ्यांची असावी, आणि तिथल्या सत्तेला तसं वाटत नव्हतं. तिने वहीत त्याचं नाव लिहून घेतलं.

१३ सप्टेंबर

केंद्रातल्या एका वाचनप्रेमी आजोबांनी विचारलं होतं, हे पाहून लोक प्रत्यक्ष जायचे थांबले तर? त्यांना पत्राने उत्तर लिहिलं, त्यातला मुद्दा इथे ठेवते.

चीनमध्ये गोबीच्या काठावर दुनहुआंगजवळची मोगाओ लेणी आहेत. इ. स. ३६६ पासून हजार वर्षं कोरलेली, रंगवलेली. ४९२ लेण्यांत मिळून सुमारे ४५,००० चौरस मीटर चित्रं. कोरड्या हवेने ती टिकली आणि माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने खराब व्हायला लागली, कारण ओल आली की भिंतीतलं मीठ विरघळतं, सुकताना फुगतं आणि रंग उचलतं. फान चिनशी या संशोधक बाईंनी आयुष्य तिथे घालवलं आणि सगळी चित्रं डिजिटल करायचं काम उभं केलं. २०१४ पासून तिथे येणारा माणूस आधी घुमटाकार पडद्यावर लेणी सविस्तर बघतो, मग प्रत्यक्ष मोजकीच, थोडा वेळ. गर्दी बाहेर थांबते, चित्रांना श्वास मिळतो. अजिंठ्याला अशा कामाची गरज किती आहे हे इथल्या कुणाला सांगायला नको.

धोलावीराचं उलट आहे. तिथे गर्दी नाही, लोक गेले पाहिजेत. आमची भेट पाहून पाटबंधारेवाले काका डिसेंबरात मुलाबरोबर कच्छला निघालेत. हौदाच्या खऱ्या पायऱ्यांचे वरून खाली फोटो आणायला त्यांना सांगितलंय, आमच्या मॉडेलमध्ये आग्नेय कोपरा अजून विरळ आहे.

२७ सप्टेंबर

उरलेली कामं. पामीराच्या झऱ्याचा आवाज अजून पोकळ वाटतो, कोमट पाण्याच्या संथ झऱ्याचं रेकॉर्डिंग हवं. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं ठाणे शहरापासून फार लांब नाहीत, दसरा झाला की सकाळी लवकर जाऊन बघायचं. जैसलमेरचं निवेदन आजीच्या वयाच्या आवाजात हवं, केंद्रातल्या दोघी तयार आहेत. महिन्यांच्या चकतीवर मराठी महिन्यांखाली इंग्रजी महिनेही लिहायचे, सातवीतल्या अर्ध्या वर्गाला ज्येष्ठ कधी येतो ते सांगावं लागलं.

धोलावीराचं मॉडेल आम्ही खुलं करणार आहोत, 'न्यू पामीरा'सारखंच, कुठल्याही हक्काविना. त्याआधी पुरातत्त्व खात्याशी बोलून तसं चालेल का हे लेखी विचारायचं आहे. मसुदा तयार आहे, सोमवारी टपालाने आणि ईमेलने जाईल.